लाट कोणाची?

(न्यूझीलंडमधल्या रॅग्लनजवळचा मनू बे. हॅमिल्टनला स्थायिक झालेला मामा आणि पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा. भाच्याच्या काखेत भाड्याचा सर्फबोर्ड.)

भाचा : मामा, इथे चिटपाखरूसुद्धा नाही! मागे कुरणं, पुढे समुद्र. चहाची टपरी तरी असायची!

मामा : नीट बघ. त्या टोकाशी पाण्यात काळे ठिपके दिसतात ना, ती माणसं आहेत.

भाचा : नुसतीच बसलीत की!

मामा : नंबर लावून बसलीत. लाट जिथे फुटायला लागते तिथून जो सगळ्यात जवळ, लाट त्याची. मध्ये घुसलास तर 'ड्रॉप इन'. इथे त्याहून मोठं पाप नाही.

भाचा : म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सोय नाही.

मामा : टाक. रुमाल वाहून जाईल, मागोमाग तू.

भाचा : अरे, कर्नाटकातल्या मुल्कीला रीतसर शिकलोय मी. बोर्डावर उभा राहतो.

मामा : किती वेळ?

भाचा : फोटो निघेपर्यंत.

मामा : तिथे पडलास तर खाली वाळू. इथे कारिओईचे धोंडे. विझलेला ज्वालामुखी आहे तो.

भाचा : विझलाय ना? मग झालं! आणि अ‍ॅपवर लाट दीडच मीटर दाखवतायत.

मामा : शेजारचा आकडा वाचलास? पिरियड १४ सेकंद.

भाचा : छान! दोन लाटांच्या मध्ये दम खायला वेळ.

मामा : दम लाटेत असतो, बाळा. पिरियड मोठा म्हणजे लाट लांबच्या वादळातून आलेली, वेगही जास्त. उथळात शिरली की ही दीड मीटरवाली चांगलीच उंच होते.

भाचा : पण १९६६च्या 'द एन्डलेस समर'मध्ये इथेच लोक किती मजेत जात होते!

मामा : सिनेमात नको तेवढं कापतात. इथे धोंडे कापतात. शिवाय तुझा डावा पाय पुढे. लाट फुटत जाणार डावीकडे, म्हणजे तिच्याकडे तुझी पाठ.

भाचा : मग उजवा पुढे ठेवून उलटा उभा राहतो!

मामा : आधी सुलटा राहा. येताना न्गारुनुई लागला ना? तिथे वाळू आहे, नवशिक्यांचे वर्ग आहेत. झेंडे लागले असतील तर त्यांच्याच मध्ये पोहायचं.

भाचा : पोराटोरांच्यात?

मामा : ती सांभाळून घेतील तुला.

भाचा : बरं, जातो. पण आईला 'मनू बे' सांगायचं हं!

मामा : सांगतो ताईला. धोंड्यांपाशी उभा राहा, फोटो काढतो. बोर्डाची खालची बाजू मात्र कॅमेऱ्यात येऊ देऊ नकोस.

भाचा : का रे?

मामा : मेण तिथे चोळलंयस. ते पाय घसरू नयेत म्हणून वरच्या बाजूला लावतात.