गळाचे दप्तर

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर रविवारी गळ घेऊन निघालेल्या आम्हा सद्गृहस्थांचा सरंजाम पाहिला, तर एखादी फौज मुलूखगिरीस निघाली असावी, असा कोणाचाही समज होईल. परंतु सूर्य माथ्यावर येईपर्यंत आमच्या कणकेच्या गोळ्या म्हणजे मत्स्यकुलासाठी चालविलेले अन्नछत्रच ठरते, आणि अखेरीस काठावरच्या भोयाकडून, तो मिशीत हसत असताना, दोन किलोंचा रोहू विकत घेऊन ‘स्वहस्ते धरला’ अशी नोंद घरच्या दप्तरी रुजू करावी लागते.

पुढची चौकशी स्वयंपाकघरात. मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात मुरवून, भाजल्या खोबऱ्याच्या काळ्या रश्शात तुकडे सोडले तरी ‘गाळाचा वास येतो’ ही फिर्याद कायम असते. कोकणातून आलेली सूनबाई तर गोड्या पाण्यातल्या जिवास मासा म्हणावयासच राजी नसते. त्यात रोहूचे ते दुशाखी बारीक काटे! भाकरीच्या घासाबरोबर ते जिभेने चाचपताना वाचाळातला वाचाळ गृहस्थही मौनव्रत धरतो. मरळीस काटे कमी, म्हणून मान अधिक.

लातूरकरांचे दुःख निराळे. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्यात एकही मासा आला नाही, अशी तक्रार आमच्या एका स्नेह्याने अत्यंत गांभीर्याने केली; घागर घेऊन रांगेत उभा असतानाही त्याच्या खिशात गळ होता.