धुराचे दर्दी

अत्तराचे शौकीन पूर्वी गुलाब-मोगऱ्यावर भागवत. आमच्या सोसायटीतले हे गृहस्थ फुलाचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. "फुलं काय, कुणीही हुंगतं!" त्यांना धूर लागतो, तोही पॅरिसहून बाटलीतून आलेला.

खिशात कागदी पट्ट्या असतात, प्रत्येकीवर पेन्सिलीने वेळ टिपलेली. तुम्ही बेसावध दिसलात की एक नाकाखाली येते. "काय येतंय?" 'जळकं' हे प्रामाणिक उत्तर असतं आणि ते चुकीचं ठरतं. "नुसतं जळकं? बर्चच्या सालीचं डांबर आहे हे! रशियात कातडं याच्याच तेलाने मऊ करत." मग ग्वायाकॉल नावाचं रसायन येतं, ज्यामुळे धुराला धुराचा वास येतो. कच्चं डांबर त्वचेला घातक, म्हणून आता ते शुद्ध करूनच अत्तरात घालावं लागतं. हे सांगताना मात्र साजूक तूप जाऊन घरात डालडा आल्यासारखा त्यांचा चेहरा पडतो.

१९९८ सालच्या 'बुल्गारी ब्लॅक'मध्ये लॅपसँग सूशाँग चहाचा गंध आहे, हे कळल्यापासून पाहुण्यांना तोच चहा मिळतो. चिनी चहा, पाइनच्या लाकडांच्या धुरावर वाळवलेला. पाहुणा पहिला घोट घेऊन थबकला की आतून वहिनींचा आवाज येतो, "दूध लागलं नाही हो, चहाच तसा आहे!"

खऱ्या धुराशी मात्र त्यांचं हाडवैर. होळीला तोंडावर रुमाल बांधून ते गच्चीवरून नमस्कार करतात. शेजारी फोडणीत मिरची पडली की यांच्या खिडक्या धडाधड बंद.

मध्यंतरी गावाहून आई आल्या. फुंकणी फुंकण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. चिरंजीवांनी मनगट पुढे केलं. "नागरमोथ्याचं तेल आहे यात." आईंनी हुंगलं. "उटण्यातला ना? मग जाळलास कशाला?" पुढे किंमत विचारली. त्यांनी निम्मीच सांगितली, तरी आईंनी तोंडाला पदर लावला. "अरे, दिवाळीत पुडी मिळते की!"

परवा लिफ्टमध्ये जळका वास येतोय अशी तक्रार गेली. वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन मजल्यामजल्यावर हुंगत आला आणि यांच्या दारात थांबला. गृहस्थांचा चेहरा उजळला. एवढ्या दुरून माग काढणारं नाक त्यांना प्रथमच भेटत होतं. त्यांनी मनगट पुढे केलं. "नीट घ्या. काय येतंय?"

वॉचमनने डोळे मिटून घेतला वास. "वायर."

गृहस्थांनी पेन्सिल काढली आणि पट्टीवर लिहिलं : 'दोन तासांनंतर – वायर.'