आधी समुद्र की आधी विठोबा

आमच्या ईट गावच्या पावसाला समुद्र माहीत आहे, पण भलत्या बाजूचा. बालाघाटाच्या रांगेवर पडलेलं पाणी एका उतारानं मांजरेत जातं आणि गोदावरीला मिळतं. दुसऱ्या उतारानं सीनेत, भीमेत आणि मग कृष्णेत. कुठूनही गेलं तरी शेवट आंध्रात, बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आत, पण भूम तालुक्याचा एक थेंब तिकडे फिरकत नाही. पाणीच जिथे जात नाही तिथे माणसानं कशाला जावं, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. तरीही आमच्या घरात मुंबई-गोवा बोटीचा विषय निघाला आणि निघाला तो मिटेना.

बोट एकाच बाजूनं, एवढं मात्र चहा संपायच्या आत ठरलं. ते ठरवलं तात्यांनी. तात्या म्हणजे माझे चुलते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. तात्या त्यात बसतात आणि त्यांची थोरली बहीण आक्का तर केव्हाच बसलेली. "जिथं सरकार फुकट न्यायला तयार हाय तिथं पैसे भरून पाण्यातनं दोनदा कशाला जायचं?" आक्काची शंका वेगळी होती. "बोटीत बायकांना अर्धं तिकीट असतंय का?" नसतं म्हटल्यावर तिचा समुद्राबद्दलचा आदर निम्म्यावर आला.

आता प्रश्न उरला दिशेचा. मुंबईहून गोव्याला जायचं की गोव्याहून मुंबईला यायचं? तिकीट विकणाऱ्यांच्या लेखी हा प्रश्नच नाही. समुद्र तोच, बुफे तोच. पण आमच्याकडे लग्नाला निघालेली जीपसुद्धा कुठल्या रस्त्यानं न्यायची यावर अर्धा तास जातो.

पहिला आक्षेप शास्त्राचा. दक्षिण ही यमाची दिशा. शिवाय गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. गुरुवार टाळता येईल, पण यमाचं काय करायचं? माझा चुलतभाऊ सिएटलला असतो, त्याला फोन लावला. त्याच्याकडे अलास्काची माहिती तयार होती. तिकडेही एकेरी बोटी असतात, व्हँकुव्हरहून वर सेवर्ड किंवा व्हिटियरपर्यंत, नाहीतर तिथून खाली. लोक 'उत्तरेला की दक्षिणेला' यावर आमच्यासारखेच भांडतात. उत्तरेला निघालं की हिमनद्या शेवटी येतात, म्हणजे मजा चढत जाते. आणि बोट अमेरिकेतून न निघता कॅनडातून का, तर 1886 चा एक कायदा परदेशी बोटींना अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडू देत नाही. "म्हंजे परराज्यातल्या ट्रॅव्हल्सला आपल्याकडं टप्पा वाहतूक बंद," तात्यांनी तत्काळ भाषांतर केलं.

नॉर्वेचंही त्यानंच सांगितलं. 1893 पासून तिथे किनाऱ्यानं टपालाची बोट चालते. बर्गन ते कर्केनेस. जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा दिसतात, म्हणून जाणकार दोन्ही बाजूंचं तिकीट काढतात. हे ऐकून मी कागद घेऊन बसलो. आपली बोट संध्याकाळी मुंबई सोडते. दक्षिणेला जाताना अंधार पडतो तो रायगडच्या किनाऱ्यालगत आणि उजाडतं ते गोव्याच्या आसपास. उलट आलं तर गोवा मावळतीला, मुंबई उगवतीला. रत्नागिरी दोन्हीकडून झोपेतच जाते. म्हणजे नॉर्वेचं गणित आपल्याकडे लागू नाही. दापोलीच्या हर्णैपासून मालवणपर्यंतचा कोकण बघायचा असेल तर बोट सोडून एसटीत बसावं लागतं. तात्यांनी मान डोलावली. त्यांची निम्मी नोकरी कोकणातल्या एका डेपोत गेली होती.

त्यामुळे बोटींवर बोलायचा अधिकार घरात फक्त त्यांना. त्यांच्या डोळ्यांसमोर 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती', 'रोहिणी', 'सरिता' अशी नावं होती. भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या आणि किनाऱ्यानं थांबत थांबत पणजीला जायच्या. बऱ्याच बंदरांत धक्काच नसे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या पडावातून किनाऱ्याला येत. तात्या त्या उतारूंना घ्यायला बस घेऊन बंदरावर उभे असायचे. बोट उशिरा आली की त्यांची फेरीही उशिरा आणि शेरा मात्र यांच्या लॉगशीटवर. पावसाळ्यात बोटी बंद, तेव्हा सगळा कोकण एसटीच्या टपावर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक संपली. तात्यांना त्याचं दुःख नव्हतं. "आमच्या गाड्यांचं भारमान वाढलं," एवढंच म्हणाले.

नव्या बोटींत निवडायला फार वाव नाही, हे त्यांना पटवणं अवघड गेलं. 1990 च्या दशकात वेगवान कॅटमरान गोव्याला जायची, ती गेली. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' आली. नाव कान्होजी आंग्र्यांचं आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात बुडालेल्या प्रवाळाच्या पठाराचंही. चारेकशे माणसांची आटोपशीर बोट. आंग्र्यांच्या नावाची गाडी पकडायची म्हणून तात्या खूश झाले होते, पण कोरोनाच्या काळात तिच्या फेऱ्या थांबल्या. राहिली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. हे नाव आमच्या गावाला 2021 च्या ऑक्टोबरापासून पाठ आहे. अमली पदार्थांच्या धाडीच्या बातम्या तेव्हा टीव्हीवर उठता-बसता चालायच्या. मला वाटलं, आक्का इथेच नकार देणार. ती म्हणाली, "तिथं पोलीस येत्यात ना? मग बरंय. पाण्यात चोरट्याची भीती न्हाई."

तात्यांनी मात्र कागदपत्रं मागितली. बांधणी कधीची? 1990 ची, फ्रान्समधली. लांबी 211 मीटर, मजले अकरा. "पासिंगला पस्तीस वर्षं झाली की! आमची गाडी एवढ्यात तीनदा भंगारात गेली असती." मी म्हणालो, तात्या, बोटीचं आयुष्य वेगळं असतं, दरवर्षी तपासणी होते. "चेसिस बघितली का कुणी?" चेसिस पाण्याखाली असते म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच समुद्राकडे संशयानं पाहिलं, म्हणजे मोबाइलमधल्या चित्राकडे.

मग खोली. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकी नसते. आक्कानं चित्र बघितलं आणि म्हणाली, "पैसे देऊन बळदात निजायचं व्हय?" आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं बळद अजून आहे, त्यामुळे ही उपमा सगळ्यांना एकदम पोचली आणि खिडकीचे पैसे मंजूर झाले. कुठल्या बाजूची खिडकी? दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, मावळती उजव्या हाताला. पण रात्री किनाऱ्याला दिवेच दिसणार. बायकोनं डावी बाजू घेतली. दिवे तर दिवे, माणसांचे तरी आहेत. आणि जागा? इथे तात्यांचा शब्द अखेरचा. "मधली. मागच्या चाकावर बसायचं न्हाई." बोटीला चाक नसलं तरी नियम खरा आहे. लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा टोकं जास्त वर-खाली होतात, मध्य कमी. आणि जितकं खालच्या मजल्यावर तितकं हलणं कमी. जहाजवाल्यांनी जे आकृत्या काढून दाखवलंय ते तात्यांना जामखेडच्या रस्त्यानं शिकवलं होतं.

एवढं सगळं झालं तरी दिशा ठरलेलीच नव्हती. ती शेवटी समुद्रानं नाही, जमिनीनं ठरवली. गोव्याहून घरी यायचं तर वास्कोला रेल्वे धरायची, दूधसागरावरून घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज. मिरजेहून जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग, आता ब्रॉडगेज झालेला: पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. आणि पंढरपूर हा शब्द उच्चारला गेला तशी आक्का सावरून बसली.

इथे घरात दोन तट पडले. बायकोचं म्हणणं, आधी देव. म्हणजे पंढरपूर करून गोव्याला जायचं आणि बोटीनं मुंबईला यायचं. शुभकार्याला निघताना देवाला सांगून निघतात. आक्काचं म्हणणं उलट. "गोव्यात कुणाचा हात कशाला लागंल, ताटात काय येईल, सांगता येत न्हाई. चंद्रभागा नंतर पाहिजे." हा मुद्दा बिनतोड होता. यमाचाही निकाल तिनंच लावला: दक्षिणेला यम असला तरी परतीच्या वाटेवर विठोबा आहे. वाऱ्याचीही साक्ष निघाली. पावसाळा सोडला तर आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येचा. दक्षिणेला जाताना पाठीशी, उत्तरेला येताना तोंडावर. शिडाच्या मचव्यांना हे जिवाभावाचं होतं, अकरा मजली बोटीला त्याचं फार नाही. पण विठोबा आणि वारा एका बाजूला आल्यावर बहुमत झालं.

बॅलार्ड पिअरला आमचं सामान यंत्रातून गेलं. आक्काच्या पिशवीत लिंबं, ओवा, आवळासुपारी आणि कुंथलगिरीचे पेढे. तपासणाऱ्या मुलीनं पेढ्यांच्या पुड्याकडे बोट दाखवलं. आक्कानं "देवाचा हाय" म्हणून एक तिच्या हातावर ठेवला आणि पुढे निघाली. कुठल्या देवाचा, हे अजून ठरायचं होतं. पंढरपूर पुढेच होतं.

सुटायच्या आधी बोटीवर सुरक्षेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक. तो वाजला की ठरल्या जागी जमायचं. 1912 ला टायटॅनिक बुडाल्यावर जगानं केलेल्या नियमांतून हे आलंय. तात्यांनी बोटांवर भोंगे मोजले आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर वाजवला. हात बसलेला माणूस दिसतोय." आक्कानं जीवरक्षक जाकीट गळ्यात चढवलेलं बघून आम्ही सांगितलं, हे फक्त दाखवतायत. "दाखवतायत म्हंजे काहीतरी असंल," म्हणून ती चहाही त्या जाकिटातच प्यायली.

मुंबई मागे गेली, खांदेरीचा दिवा लुकलुकू लागला. तात्यांनी एका कर्मचाऱ्याला वेग विचारला, अंतर विचारलं. सव्वादोनशे सागरी मैल म्हणजे चारशेवर किलोमीटर. त्यांनी मनात भागाकार केला. "रातराणी हिच्या आधी पोचती," असं ते त्याला मराठीत म्हणाले. तो केरळचा होता. त्यानं हसून मान हलवली आणि तात्यांना ते मान्य झाल्यासारखं वाटलं.

रात्री थोडी लाट होती. आमच्या शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या नव्या जोडप्याला बोट लागली. बोटीच्या अगदी टोकाला उभं राहून फोटो काढण्याचा तो प्रसाद. आक्कानं पिशवी उघडली आणि सगळी लिंबं, ओवा, आवळासुपारी त्या पोरीच्या हवाली केली. आक्काला स्वतःला काहीच झालं नाही. ती मधल्या खोलीत घोरत होती.

सकाळी मुरगाव बंदराबाहेर एक छोटी लाँच येऊन बोटीला चिकटली आणि एक माणूस दोरशिडीनं वर चढला. तो बंदराचा पायलट. आतला रस्ता तोच दाखवतो. तात्या कठड्याला टेकून बघत होते. "हद्द बदलली, ड्रायव्हर बदलला." आणि मग ते एकदम इतिहासात शिरले. आमचा भाग मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. एवढं मोठं संस्थान, पण समुद्र नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास निजामानं पोर्तुगिजांकडून हेच मुरगाव बंदर मिळवायची खटपट केली होती. ती फसली आणि 17 सप्टेंबर 1948 ला संस्थानच संपलं. "जगातला श्रीमंत माणूस त्यो. त्याला गावलं न्हाई," तात्या धक्क्यावर पाय ठेवत म्हणाले, "अन् आपुन ऑनलाइन आलो." दुपारी वास्को स्टेशनवर गोवा एक्सप्रेसच्या डब्यावर 'हजरत निजामुद्दीन' अशी पाटी दिसली. ते नाव दिल्लीच्या अवलियाचं, हे मी सांगितलं. पण तात्यांनी ठरवून टाकलं होतं: निजाम उशिरा का होईना, आला.

दूधसागर पाहिला, मिरजेला गाडी बदलली, चंद्रभागेत पाय धुतले. उरलेले पेढे विठोबाला दाखवले आणि यंत्रावरच्या मुलीला दिलेला पेढा मागाहून प्रसाद ठरला. बार्शीला रेल्वे संपली आणि फुकटची एसटी सुरू झाली. गाडी खचाखच. तात्यांना जुन्या ओळखीनं ड्रायव्हरमागची जागा मिळाली, आक्काला अगदी मागची. भूम यायच्या आत तिनं पदर तोंडाला लावला. पिशवीत हात घातला, तर लिंबू एकही नव्हतं.

भूमला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरून दगडावर बसली. तात्या पाणी घेऊन आले. "मागच्या चाकावर बसल्यावर दुसरं काय व्हनार?"

"दोनशे मैल समुद्रानं काय केलं न्हाई," आक्का चूळ भरत म्हणाली, "तुझ्या एसटीनं बारा कोसात दावलं."

एवढी वर्षं ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याची बाजू तात्यांना घेणं भागच होतं. "आक्का," ते गंभीरपणे म्हणाले, "फुकटच्या तिकिटावर तक्रार चालत न्हाई."