राइड बंद, तिकीट चालू

मनोरंजन उद्यानात नवी राइड आली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात येते. जुनी गेली की तिच्याभोवती हिरवं कापड येतं. आत काय चाललंय हे तिथं उभा असलेला पोरगा सांगत नाही, कारण त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं. तो ‘सर, मेंटेनन्स’ एवढंच म्हणतो. तिकडे गेटवर पुढच्या कुटुंबाच्या मनगटावर कागदी पट्टी चिकटवली जाते आणि पट्टीचा दर सगळ्या राइड्सचा असतो. एखादा पाळणा बंद आहे म्हणून कुठल्या उद्यानानं शंभराची नोट परत केल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. उलट रांग टाळायची असेल तर वेगळा, महाग पास मिळतो. देवळातल्या व्हीआयपी दर्शनाला नावं ठेवणारे लोक हा पास बिनतक्रार घेतात.

आता विठ्ठलवाडीच्या माणसानं या विषयात तोंड का घालावं? (पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा: सिंहगड रस्त्यावरची विठ्ठलवाडी नव्हे. कल्याण सुटल्यावर कर्जतच्या अंगाला पहिली लागते ती. तुम्ही नेमके तेव्हा बॅग वरून काढावी की राहू द्यावी या विचारात असता.) आमच्याकडे थीम पार्क नाही हे खरं. वालधुनी नदी आहे. उल्हासनगरात जीन्सचे कारखाने जोरात होते तेव्हा नदीच्या पाण्याकडे बघून आज कुठल्या रंगाचा माल धुतला जातोय हे सांगता यायचं. ही सोय कुठल्याही वॉटर पार्कात नाही. पण आमचा अधिकार वेगळ्याच कारणानं सिद्ध होतो. खोपोली लोकल आमच्या फलाटावरून जाते, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं थीम पार्क त्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, मग पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून खोपोलीपर्यंत पोचलेल्या माणसाला रोलर कोस्टरची भीती दाखवणं हा त्या रोलर कोस्टरचा अपमान आहे.

इमॅजिका सुरू झालं एप्रिल २०१३ मध्ये. अ‍ॅडलॅब्ज ही सिनेमाच्या फिती धुणारी प्रयोगशाळा ज्यांनी उभी केली त्या मनमोहन शेट्टींचं हे स्वप्न, आणि स्वप्नावर खर्च दीड हजार कोटींहून अधिक. सिनेमावाल्याचं पार्क, त्यामुळे त्यात ‘मिस्टर इंडिया’ होता, अलिबाबा होता आणि चाळीस चोर होते. नायट्रो नावाचा कोस्टर होता, त्यात पायाखाली जमीनच नाही, फक्त हवा. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या कंपनीची. आमच्याकडे पायाखाली जमीन नसलेले प्रवासी लोकलच्या दारात लटकतातच, पण आम्हाला तिचं पेटंट घ्यायचं सुचलं नाही.

तिथली सगळ्यात उंचावरून पाडणारी राइड म्हणजे डी-टू, डेअर ड्रॉप, असं पत्रकात लिहिलेलं असायचं. हे चूक आहे. सगळ्यात उंचावरून पाडणारी राइड दलाल स्ट्रीटवर होती. मार्च २०१५ मध्ये कंपनीनं शेअर विकायला काढले तेव्हा दरपट्टा ठेवला २२१ ते २३० रुपये. रांग लागेना, म्हणून तो १८० ते २१५ वर आणून मुदत वाढवली. तेव्हा आत बसलेल्या लोकांनी पुढच्या पाच वर्षांत शेअर पाच रुपयांच्याही खाली गेलेला पाहिला. डेअर ड्रॉपमध्ये छातीवर पट्टा बांधतात, खाली आल्यावर सोडतात आणि बाहेर किंचाळतानाचा फोटो विकत देतात. शेअरवाल्यांना पट्टा नव्हता. फोटो मात्र डीमॅट खात्यात रोज दिसायचा, तोही फुकट.

तेवढ्यात सरकारनंही आपली राइड जोडली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानाच्या तिकिटाला २८ टक्के लागला. म्हणजे बालवाडीतलं पोर लाकडी घोड्यावर बसलं काय आणि त्याचा काका गोव्याच्या कॅसिनोत बसला काय, अर्थखात्याच्या लेखी दोघं एकाच व्यसनाचे. जानेवारी २०१८ मध्ये पोरांचा दर १८ टक्क्यांवर आला. काकांचा तिथंच राहिला.

पुढं कर्ज थकलं, बँका आल्या, मग महामारी आली, आणि २०२२ मध्ये संगमनेरचा मालपाणी समूह आला. लोणावळा आणि शिर्डी इथली ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्क याच समूहाची, शिर्डीतलं साईतीर्थ हे भक्तीचं थीम पार्कही यांचंच, आणि त्याआधीपासून महाराष्ट्र त्यांना ज्या मालामुळे ओळखतो तो म्हणजे गाय छाप जर्दा. हे कळल्यावर आमच्या डब्यात बराच वेळ शांतता पसरली. खोपोली लोकलच्या दारात उभं राहून, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या तळहातावर चुना मळणारा माणूस इतकी वर्षं नकळत रोलर कोस्टरमध्ये गुंतवणूक करत होता. त्याला किमान एक नायट्रो फुकट मिळायला हवी, या ठरावावर कर्जतपर्यंत एकमत झालं. पळसदरीला तो उतरला.

जुन्या पिढीला अर्थात एस्सेल वर्ल्डचं पडलेलं असतं. १९८९ मध्ये गोराईला निघालेलं ते पार्क ही आमच्या शाळांची परमोच्च सहल. विठ्ठलवाडीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, बोरिवली, तिथून जेट्टी, जेट्टीवरून होडी. पार्कात पाय ठेवेपर्यंत बाईंची मोजणी चारदा होऊन गेलेली असायची आणि पाचवीतला एक जण होडीत ओकलेला असायचा. जाहिरातीतला मुलगा सांगायचा की त्याला घरी जायचंच नाही. २०२२ मध्ये पाळणे थांबले आणि प्रश्नच मिटला. सुभाष चंद्रांनी हे पार्क आधी काढलं आणि झी टीव्ही नंतर, १९९२ मध्ये, हा क्रम फारसा कुणी लक्षात घेत नाही. होडीत बसून राइडपर्यंत जायला माणसं कंटाळतात हे ओळखून त्यांनी राइडच घरी पाठवली असावी. तिथला हुला लूप तुम्हाला उलटं करून मिनिटभरात सोडून द्यायचा. मालिकेतली सासू अजून सोडत नाही.

पण राइड बंद करण्याच्या शास्त्रात खासगी क्षेत्र अजून रांगतंय. ते शिकायचं असेल तर नेरळला उतरावं. माथेरानची गाडी १९०७ पासूनची, आदमजी पीरभाईंनी पदरच्या पैशानं बांधलेली. एकवीस किलोमीटर जायला दोन तासांहून जास्त, म्हणजे शेजारून पायी चालणाऱ्याला ‘बसा की’ म्हणायला भरपूर वेळ. दर पावसाळ्यात ती नेरळहून बंद होते. हे झालं नियमित बंद. २००५ च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले ते पुन्हा गाडी धावायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरले, पुन्हा बंद. २०१९ मध्ये पुन्हा पाऊस, पुन्हा बंद, आणि नेरळ ते माथेरान सलग गाडी सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. दरम्यान वरच्या अंगाला अमन लॉज ते माथेरान शटल सुरू असायची. म्हणजे डोंगर चढणाऱ्या गाडीत बसायचं असेल तर आधी डोंगर आपला आपण चढून यायचा! जगातल्या थीम पार्कवाल्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा. राइड बंद असताना ती बंद आहे असं कुणालाही ठामपणे म्हणता येत नाही.

२०१९ च्या त्याच पावसाळ्यात, २७ जुलैला, रेल्वेनं बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये एक वॉटर राइडही देऊन पाहिली. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढलं. सगळे सुखरूप घरी गेले म्हणून हे लिहिता येतंय. परिसरातल्या गावकऱ्यांनी त्या दिवशी जी धावपळ केली तिचं तिकीट कोणी लावलं नाही, नाही तर तिथंही १८ टक्के लागले असते.

या सगळ्यात प्रामाणिक धंदा जत्रेतल्या पाळणेवाल्यांचा. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. महाशिवरात्रीला त्याच्या आजूबाजूला जत्रा भरते तेव्हा हजार वर्षांची शिल्पं एकीकडे आणि आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेक डान्स, कोलंबस, मौत का कुआँ दुसरीकडे. गर्दी कुठं जास्त असते हे मी सांगत नाही, देवळाच्या परिसरात राहतात माझे नातेवाईक. पूर्वी पन्नालाल गाढव यायचं आणि जमलेल्या माणसांतला सगळ्यात खोटारडा कोण ते नाक लावून दाखवायचं. ते आता येत नाही. निवडणुका वाढल्यामुळे त्याला एका जागी उभं राहणं जमेना, असं एक मत आहे. बाकी जत्रेत नवी राइड आल्याची जाहिरात नाही आणि जुनी गेल्याचं कापड नाही. रात्री बोल्ट निघतात, ट्रक भरतो, सकाळी मैदानावर चार खड्डे आणि उसाचं चिपाड. ना कर्जाची पुनर्रचना, ना भागधारकांची सभा. मौतच्या विहिरीत उभ्या फळ्यांवर मोटारसायकल फिरवणारा माणूस दोन्ही हात सोडून दहाची नोट घेतो आणि ती नोट त्याच रात्री भाकरीला लागते.

आणि तरीही माझ्या मते राइड काढण्याचा विक्रम आमच्याच लाइनीच्या नावावर राहील. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेनं दहा नव्या वातानुकूलित लोकल सुरू केल्या. नव्या म्हणजे, जुन्या साध्या लोकल काढून त्यांच्या वेळेत बसवलेल्या. थीम पार्कचं सगळं त्यात होतं: चकचकीत डबा, आपोआप मिटणारं दार, जास्तीचं तिकीट, आणि आपण बाहेर. साध्या डब्याचा पास खिशात असलेला माणूस फलाटावर उभा राहून आपली नेहमीची गाडी काचेतून बघत होता, आणि आतला मनुष्य शाल पांघरून बसलेला. पहिली ठिणगी कळव्याला पडली, मग बदलापूर. बदलापूरचा प्रवासी हा तसा सोशिक. सकाळी जागा मिळावी म्हणून तो संध्याकाळच्या गाडीत उलटा बसून येतो अशी त्याची ख्याती. पण तो स्टेशन मास्तरच्या खोलीपर्यंत गेला आणि हलला नाही. आठवडाही उलटला नव्हता, पंचवीस ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या मागे घेतल्याचं रेल्वेनं जाहीर केलं. हिरवं कापड नाही, मेंटेनन्स नाही. जगभर मालक राइड काढतो आणि गिऱ्हाईक हळहळतं. इथं गिऱ्हाइकानं राइड काढायला लावली आणि मालकानं हळहळ व्यक्त केली.

तेव्हापासून रेल्वे सावध झाली आहे. आता ती आम्हाला येणाऱ्या राइड्सची फक्त चित्रं दाखवते. कल्याण-बदलापूर तिसरी आणि चौथी लाइन. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन. चिखलोलीच्या नावानं फ्लॅट कधीच विकले गेले. स्टेशन पाच मिनिटांवर असल्याचं माहितीपत्रकात होतं, आणि पाच मिनिटं कुठल्या सालातली ते तळटीपेत.

आमच्या इमारतीखाली एक सिंधी शेजारी फर्निचरचं दुकान चालवतात. उल्हासनगरच्या परंपरेला जागून त्यांनी हा सगळा विषय धंद्याच्या अंगानं पाहिला. त्यांचं म्हणणं, बंद पडलेल्या पार्कातला एखादा आकाशपाळणा भंगारच्या भावात उचलायचा, शहाडला रंग मारायचा, ‘मेड इन यूएसए’ लिहायचं आणि गोल मैदानावर उभा करायचा.

मी म्हटलं, ‘साईं, पण परवानग्या?’

‘परवानगी चालवायला लागते भाऊ,’ ते म्हणाले. ‘बंद ठेवायला कसली परवानगी? बाजूला बोर्ड लावायचा, राइड लवकरच सुरू होत आहे. लोक बघायला येणार, उभे राहणार, भूक लागणार. मी पाळणा विकत घेतोय कुठे? मी दाल-पकवानच्या गाडीला जागा शोधतोय.’

मग त्यांनी विचारलं की गोल मैदानापासून चिखलोली स्टेशन किती मिनिटांवर आहे असं लिहिलं तर चालेल.