बेटावरचे इमानदार लबाड

कायम खोटे बोलणाऱ्या मनुष्याइतका भरवशाचा मनुष्य जगात दुसरा नसतो, हे माझे मत पुरेशा विचारान्ती बनलेले असून त्याची जबाबदारी सर्वस्वी रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या माथी आहे. जादूगार, पियानोवादक आणि प्राध्यापक अशा तीन भूमिका एकाच जन्मात वठवलेल्या या गृहस्थाने १९७८ साली कोड्यांचे एक पुस्तक काढले आणि त्याला 'या पुस्तकाचे नाव काय?' अशा अर्थाचे नाव दिले. (दुकानात जाऊन ते मागून पाहावे, विक्रेत्याच्या सहनशीलतेची कसोटी लागते.) त्याच्या या व्यसनाचे मूळ त्याने स्वतःच नमूद केले आहे. १९२५ सालच्या १ एप्रिलला तो आजारी पडून होता. थोरल्या भावाने सकाळीच येऊन बजावले की, आज तुला असा फसवीन की तसा तू कधी फसला नसशील. पोराने दिवसभर वाट पाहिली. कोणी फसवले नाही. तेव्हा भाऊ म्हणाला, तू फसण्याची अपेक्षा केलीस आणि फसला नाहीस. म्हणजे फसलासच की! दिवा मालवल्यावरही आपण फसलो की नाही, याचा खल करीत ते पोर बराच वेळ जागे होते.

त्याच्या पुस्तकातल्या बेटावर रयतेचे दोनच वर्ग आहेत: सदैव खरे बोलणारे सरदार आणि सदैव खोटे बोलणारे लबाड. तिघे बेटकर उभे असतात. पहिला काहीतरी पुटपुटतो, दुसरा सांगतो, "तो म्हणाला, मी लबाड आहे", तिसरा म्हणतो, "या दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका, हा खोटारडा आहे." पहिल्याची जबानी आपल्या कानी पडलेली नसताना निकाल कसा द्यावा, या विवंचनेत मी एक अख्खी रात्र घालवली. उत्तर हाती आले तेव्हा दूधवाला दारात होता. 'मी लबाड आहे' हे वाक्य त्या बेटावर कोणीच उच्चारू शकत नाही. सरदाराने उच्चारले तर तो खोटा पडेल आणि लबाडाने उच्चारले तर त्याच्या हातून सत्य बोलण्याचे पातक घडेल. सबब दुसरा लबाड, तिसरा सरदार, आणि पहिल्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. आमचे धर्मराज या बेटावर उतरते, तर 'नरो वा कुंजरो वा' करूनही अव्वल दर्जाचे सरदार ठरले असते, आणि द्रोणाचार्यांची फिर्याद कोणी दाखल करून घेतली नसती.

या विद्येचा प्रयोग मी प्रथम आमच्या शिंप्यावर केला. कोट दिवाळीपूर्वी मिळायचा होता आणि संक्रांत जवळ आली होती. "कोट शिवून झाला का, असे मी तुम्हांला विचारले, तर तुम्ही हो म्हणाल काय?" या दुहेरी प्रश्नाची खुबी अशी की, लबाडाला एका खोट्यावर दुसरे खोटे चढवावे लागते आणि उणे गुणिले उणे या न्यायाने सत्य बाहेर पडते. शिंप्याने तोंडातली टाचणी काढली, माझ्याकडे निरखून पाहिले आणि तो म्हणाला, "बघू." जॉर्ज बूलोस या तर्कपंडिताने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका महाकठीण कोड्यात तीन देव आहेत. एक खरे बोलतो, एक खोटे बोलतो, तिसरा लहर लागेल तसे बोलतो. शिवाय त्यांच्या भाषेतल्या दोन शब्दांपैकी 'होय' कोणता आणि 'नाही' कोणता, हेही आपल्याला ठाऊक नसते. तो तिसरा देव आमच्या आळीत दुकान थाटून बसला आहे, हे बूलोससाहेबांच्या गावीही नसावे.

दुसरा प्रयोग कोकणात घडला. रत्नागिरीकडच्या एका वाडीला जाताना वाटेला दोन फाटे फुटले आणि नेमक्या त्याच ठिकाणी गडग्यावर एक म्हातारेबुवा विडी ओढीत बसलेले दिसले. पुस्तकातला प्रसंग असा सदेह समोर उभा राहिल्यावर मला राहवेना.

"आजोबा, हा डावा रस्ता वाडीला जातो का, असे मी विचारले असते, तर तुम्ही हो म्हणाला असतात काय?"

"विचारलं असतंत तर? म्हणजे आत्ता विचारायचं नाही म्हणता?"

मी निमूटपणे साधा प्रश्न विचारला.

"दोन्ही जातात. डाव्याने व्हाळ लागतो, उजव्याने कुत्री."

दोन्ही रस्ते इष्टस्थळी जातात, अशी शक्यता स्मलियनच्या बेटावर कधी उद्भवत नाही. मी डावा धरला. व्हाळ लागला, पण वैशाखामुळे ठणठणीत कोरडा होता, त्यामुळे म्हातारेबुवांना कोणत्या वर्गात घालावे हा प्रश्न तसाच राहिला. उजव्या रस्त्याने परतलो असतो, तर त्याची खातरजमा सहज झाली असती. परंतु परत येतानाही मी व्हाळानेच आलो.