सियाचिनात चेनचा हार्वेस्टर

चोरखमाऱ्याला लोक वाघ बघायला येतात. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचे एक गेट आमच्याकडे आहे. पहाटे जिप्सी रांगेत लागतात, पुण्या-मुंबईची माणसे मफलरीत नाक खुपसून बसतात आणि गाइड ओल्या मातीतला ठसा बघून सांगतो : मादी आहे, रात्रीच गेली, सोबत पिल्लू आहे. या विद्येचा मला फार आदर आहे, कारण मीही त्याच बिरादरीतला. माझे जनावर तेवढे वेगळे. सिनेमात आणि मालिकांत बर्फावर चालणाऱ्या चेनच्या गाड्या मी शोधतो.

हा नाद मला का लागला, ते विचारू नका. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात. मे महिन्यात तर डांबर चपलेला चिकटते. बायकोचे म्हणणे असे, की उन्ह डोक्यात गेल्याचे हे लक्षण आहे. तिच्या माहेरी मात्र 'जावईबापूंना इंग्रजी सिनेमाची आवड आहे' असे सांगितले जाते.

सुरुवातीला मी हिंदी सिनेमात शोधले. बर्फ तिथे मुबलक. 'जंगली'त शम्मी कपूर १९६१ साली त्यावरून घसरला, 'चांदनी' १९८९ साली थेट स्वित्झर्लंडला गेली. हिरो स्वेटरवर स्वेटर घालतो, हिरॉईन शिफॉनच्या साडीत कुडकुडत नाही. पण माझ्या कामाचे काही नाही. मग मी विलायती बर्फाकडे वळलो आणि घरातली शांतता गेली.

स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० सालचा 'द शायनिंग' जगासाठी भयपट आहे. डोंगरावरचे ओसाड हॉटेल, वेड लागलेला जॅक निकल्सन, कुऱ्हाड, लिफ्टमधून वाहणारा रक्ताचा लोंढा. मला त्यात दिसते ती बर्फगाडी. तुम्हीच विचार करा. जॅक बायकापोरांना कोंडायचे ठरवतो तेव्हा काय करतो? हॉटेलची बर्फगाडी निकामी करतो. स्वयंपाकी हॅलोरन मायामीहून विमानाने येतो आणि शेवटची चढण दुसऱ्या बर्फगाडीने चढतो. आल्या आल्या बिचारा कुऱ्हाडीखाली जातो, पण गाडी पोचवून जातो. आई आणि मुलगा तिच्यातूनच सुटतात. मग सिनेमाचा नायक कोण? हे मी मेहुण्याला पटवत होतो तेव्हा पडद्यावर दाराची फळी फुटत होती आणि त्याची बायको उशीत तोंड घालून ओरडत होती. मी रिमोट उचलून म्हणालो, ''जरा मागे घेतो, पट्टे नीट दिसले नाहीत.'' तेव्हापासून त्या घरात मला जेवायला बोलावतात. सिनेमा बघायला बोलावत नाहीत.

आणि त्या सिनेमातला बर्फ तरी कुठे बर्फ होता! हॉटेलबाहेरचा बराचसा देखावा लंडनजवळच्या स्टुडिओत उभारलेला. खाली मीठ आणि थर्मोकोलचा चुरा. ही माहिती मी जपून ठेवली होती. तिने पुढे घात केला.

ओळख पटवायची शास्त्रे असतात. गोल गोल खिडक्या दिसल्या, जहाजासारख्या, की समजा कॅनडातल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांची जुनी बी-१२. दोन डबे मधे सांध्याने जोडलेले असले की स्वीडनची हेग्लुंड्स. चारही कोपऱ्यांवर चार सुटे पट्टे असले की अमेरिकेतली टकर. या टकरची वळायची तऱ्हा निराळी : पुढचे आणि मागचे पट्टे आसासकट फिरतात आणि गाडी मोटारीसारखी सावकाश वळण घेते. बाकीच्या बहुतेक चेनच्या गाड्या एका बाजूचा पट्टा थोपवतात आणि दुसरा चालवून जागच्या जागी गरकन फिरतात. खालची जमीन उकरली जाते. हा फरक मी गावात इतक्यांना सांगितला आहे, की पानठेल्यावर मला येताना बघून लोक पुडी बांधून घ्यायला लागले.

खाद्य तसे मिळत राहते. 'द एक्स-फाइल्स'च्या १९९८च्या सिनेमात मल्डर अंटार्क्टिकात स्कलीला सोडवायला निघतो आणि वाटेत त्याच्या बर्फगाडीतले इंधन संपते. हे मात्र आमच्या गावात सगळ्यांना लगेच पटले. 'फोर्स माज्योर' या २०१४च्या स्वीडिश सिनेमात आल्प्समध्ये सुट्टीला आलेल्या जोडप्याचा संसार उसवत जातो आणि रात्री उतारांवर बर्फ सपाट करणारी यंत्रे दिवे लावून फिरत राहतात. समीक्षकांनी नवऱ्याच्या भेकडपणावर लिहिले. मी यंत्रे पाहत होतो. बायको माझ्याकडे पाहत होती.

तर, मंडई. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होते. ते रात्री दहा-अकराला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. लोक याला नाट्यप्रेम म्हणतात. आमच्या भागात मध्यरात्री नाटक संपवून प्रेक्षकांना जंगलाच्या वाटेने घरी धाडणे हा सदोष मनुष्यवध ठरेल, हेही एक कारण असावे. आता वडशाच्या नाटक कंपन्या आयता प्रयोग घेऊन येतात. पण एका वर्षी आमच्या नाट्यमंडळाला हुक्की आली, की पुरुष पात्रे गावची, बायकांची कामे करायला वडशाच्या कलावंत आणि नाटक सियाचिनच्या जवानाचे. तिसऱ्या अंकात जवान बर्फात बेशुद्ध पडतो आणि त्याचे साथीदार येऊन त्याला वाचवतात, असा प्रसंग होता.

''साथीदार कसे येतात?'' मी बैठकीत विचारले.

''चालत,'' अध्यक्ष म्हणाले.

मी उभाच राहिलो. माझे आयुष्य ज्या प्रश्नासाठी झिजले तो कोणीतरी पहिल्यांदा विचारला होता, तोही मीच. बर्फात चालत? माणसाच्या पावलाखाली जमिनीवर जेवढा दाब येतो, त्याहून कमी दाब काही टनांच्या चेनच्या गाडीखाली येतो, कारण वजन रुंद पट्ट्यांवर पसरते. म्हणून माणूस मांडीपर्यंत रुततो आणि गाडी वरून निघून जाते, हे मी सांगितले. कॅप्टन स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर चेनच्या तीन मोटारी नेल्या, त्यातली एक १९११ साली जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून बुडाली, हेही सांगितले. ते सांगायला नको होते. कोषाध्यक्षांनी लगेच किंमत विचारली.

मग मी हुकमाचा एक्का टाकला. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो कशाने? शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला चेन लावून! व्हिव्हियन फुक्स मुद्दाम बनवलेल्या टकर स्नो-कॅट घेऊन दुसऱ्या बाजूने येत होता, तो पोचला १९ तारखेला. म्हणजे बर्फाच्या गाडीच्या आधी शेतकऱ्याची गाडी. अध्यक्षांकडे मॅसी फर्ग्युसन आहे. ते खुर्चीत सावरून बसले. एवढ्यात मी नागपूरही आणले : आपल्या नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून १९८३-८४ साली अंटार्क्टिकाला गेल्या, सुदीप्ता सेनगुप्तांसोबत, तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी. मग चोरखमाऱ्याने का मागे राहावे? यात तर्क नव्हता, पण टाळ्या पडल्या.

गाडी कुठून आणायची, हा प्रश्नच नव्हता. त्या साली दिवाळीच्या तोंडावर पाऊस झाला, बांध्यांत पाणी साचले, चाकाचे हार्वेस्टर रुतायला लागले आणि चेनचा हार्वेस्टर गावात आला. रुंद रबरी पट्टे, उंच कॅबिन, समोर दिवे. पहिल्यांदा तो धुऱ्यावरून उतरताना पाहिला तेव्हा मला भरून आले. उभी हयात सिनेमात शोधलेले जनावर माझ्या धानात चरत होते.

ड्रायव्हर पंजाबचा. त्याला मी सियाचिन, हिलरी, कुब्रिक सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, ''घंटे के हिसाब से ना, बाऊजी?''

आम्ही दोन दिवस त्याला सजवले. मंडप कापणी झालेल्या एका कोरड्या बांधीत होता. रंगमंचाच्या फळ्यांवर यंत्र चढवणे शक्य नव्हते, म्हणून जवान रंगमंचासमोर, सतरंजीच्या अलीकडे पडायचे ठरले. कॅबिनला पांढरे कापड, बाजूला पुठ्ठ्याचे चार खोटे पट्टे, कारण मला टकरच हवी होती. पुढचे पाते आणि वर फिरणारी फणी आम्ही चादरीने झाकली. हिमवादळाची कल्पनाही माझीच. थर्मोकोलचा चुरा यंत्रात भरायचा आणि इशारा झाला की मळणी चालू करायची. यंत्र तणस जसे मागे फेकते तसे बर्फ फेकेल. ड्रायव्हर म्हणाला, ''पीछे फेंकेगी, जी.'' मी म्हणालो, मागे अंधार आहे, तिकडून वादळ आल्यासारखे वाटेल. ''जैसे आप बोलो.'' या माणसाने मला एकदाही अडवले नाही, एवढीच माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे.

तिसरा अंक पहाटे तीनच्या सुमारास लागला. जवानाचे काम करणारा पोरगा गावातलाच, चार एकरांचा धनी. आईला शेवटचे पत्र म्हणून तो असा काही पडला, की पुढच्या रांगेत बायका पदराने डोळे पुसत होत्या. ऑर्गन थांबला. मी विंगेतून बॅटरी दाखवली.

आधी आवाज आला. शेजारच्या बांधीतून दोन मोठे दिवे डुलत निघाले.

''काहून गा, रातीच धान कापाले आले का?'' एका म्हातारीने विचारले.

''इथलं तं कवाच कापलं ना बापा!'' मागून उत्तर आले.

साथीदारांचे संवाद इंजिनाखाली बुडाले. मी वादळाचा इशारा केला. ड्रायव्हरने दांडा ओढला आणि मळणीबरोबर पुढची फणीही फिरायला लागली. चादर तिच्यात गुंडाळून गेली, पाते उघडे पडले आणि खचखच करीत बेशुद्ध जवानाच्या दिशेने सरकू लागले. संहितेप्रमाणे जवानाने अंकाच्या शेवटपर्यंत शुद्धीवर यायचे नव्हते. पण तो शेतकरी होता. त्याने एक डोळा उघडला, समोर काय येते आहे ते ओळखले आणि बंदूक टाकून पळत सुटला. सियाचिनची चौकी मोकळी झाली. अख्खा मंडप उभा राहून ओरडत होता, आणि तोपर्यंतच्या नाटकात एवढा प्रतिसाद कशालाच मिळाला नव्हता हे नमूद केले पाहिजे.

ड्रायव्हर घाबरला. त्याने गाडी वळवली. इथे माझे ज्ञान माझ्यासमोर मूर्त रूपात उभे राहिले. टकर असती तर सावकाश, लांब वळण घेऊन निघून गेली असती. पण तो हार्वेस्टर होता. त्याने डावा पट्टा थोपवला, उजवा चालवला आणि जागच्या जागी गरकन फिरला. पुठ्ठ्याचे चारही पट्टे उडाले. उजव्या पट्ट्याने सतरंजीचे टोक धरले, सतरंजीवर पुढच्या रांगेतली मंडळी होती. ती बसल्या जागी हातभर सरकली. आणि यंत्राची पाठ प्रेक्षकांकडे झाली.

मळणी चालूच होती.

आधी थर्मोकोल आला. खरे सांगतो, एक क्षणभर ते फार सुंदर दिसले. दिव्यांच्या झोतात पांढरा चुरा तरंगत होता, पोरे हात वर करून धरत होती आणि मी विंगेत उभा राहून कुब्रिकच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा हसत होतो. मग यंत्राच्या पोटात उरलेले बाकीचे आले. तणस, कोंडा, धानाची कुसे, धूळ आणि मेलेले तुडतुडे. प्रमुख पाहुण्यांच्या फेट्यात धान अडकले. धानाची कुसे अंगाला लागली की काय होते, ते ज्याने मळणी केली आहे त्याला सांगायला नको. अख्खा मंडप खाजवत होता, शिंकत होता आणि तरीही घरी जायला कोणी उठत नव्हते, कारण बाहेर अंधार होता आणि वाघाची मादी तीन दिवस तलावाकडे फिरत होती.

नाटक चहानंतर पुन्हा सुरू झाले. साथीदार चालतच आले.

पुढचे सगळे हिशेबाचे आहे. मंडळाच्या बैठकीत मी अजून जातो, दाराजवळ बसतो, बोलत नाही. हार्वेस्टरचे तासाचे पैसे, त्यात सजावटीला उभा राहिलेला वेळही ड्रायव्हरने धरला, कोणत्या खात्यात टाकायचे यावर वाद झाला. नेपथ्य म्हणावे तर नेपथ्यकाराने सही करायला नकार दिला. वाहतूक म्हणावे तर कोणी कुठे गेले नव्हते. शेवटी कोषाध्यक्षांनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिले : 'धानकापणी, सियाचिन.'

अध्यक्षांनी सही करायला पेन उघडले, ओळ वाचली आणि माझ्याकडे बघून विचारले, ''किती एकर?''