व्हॅनचं काय झालं, ते कुणाला सांगू नका!

शिव शिव शिव! चांगल्या घरातली, दोन लेकरांची ने-आण करणारी, मागच्या काचेवर शाळेचा स्टिकर मिरवणारी गाडी, आणि भर हायवेवर दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला तयार नाही! तुम्हाला म्हणून सांगते, पुढे जाऊ देऊ नका. अमेरिकेत सगळ्यात सोज्ज्वळ गाडी कुठली, तर मिनीव्हॅन. लाल स्पोर्ट्‌स कार घेतली की चाळिशीची कुजबुज सुरू होते. व्हॅनवाल्याकडे मात्र कुणी वळूनसुद्धा बघत नाही. आणि भानगडी बघाल तर सगळ्या याच घरात!

जन्मकथेपासूनच बघा ना. व्हॅनची कल्पना आधी फोर्डमध्ये घोळत होती, पण हेन्री फोर्ड दुसरे यांना ती काही रुचली नाही. तिचा पाठपुरावा करणारे हॅल स्पर्लिच आणि ली आयकोका, दोघांनाही तिथून नारळ मिळाला, आणि दोघेही क्रायस्लरच्या दारात जाऊन उभे राहिले. क्रायस्लर तरी कुठे धड होती? 1979 साली सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, म्हणून ती तगली. मग 2 नोव्हेंबर 1983 ला कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून पहिली व्हॅन बाहेर आली आणि अख्ख्या देशाला वेड लावून गेली. 2000 साली तर अमेरिकेत वर्षाला 13 लाखांच्या वर व्हॅन खपल्या.

आता खरी गोष्ट. 1989 च्या मॉडेलपासून क्रायस्लरने व्हॅनमध्ये अल्ट्राड्राइव्ह नावाचं ट्रान्समिशन बसवायला सुरुवात केली. चार गिअर, सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक, भारीच कौतुक. पण स्वभाव? आत कुठे काही बिनसल्याचा संशय आला की हे आपणहून दुसऱ्या गिअरमध्ये जाऊन बसणार. पुढचं नुकसान टळावं आणि गाडी कशीबशी घरी पोचावी, असा त्यामागचा सद्हेतू. पण हायवेवर मागून ट्रक येतोय आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडतेय, तेव्हा त्या सद्हेतूला काय ओवाळायचं? त्यातून खाण्यापिण्याचे नखरे अगदी जावयाचे: तेल लागणार ते कंपनीचं, खास त्याच्यासाठी बनवलेलंच. मेकॅनिक बिचारे वर्षानुवर्षांच्या सवयीने नेहमीचं डेक्सरॉन ओतायचे, बाकीच्या कितीतरी गाड्या ते मुकाट्याने पीत होत्याच. हे मात्र थरथरायला लागायचं, आणि बिल यायचं मालकाला.

‘आपण बाई होंडाच घेतली,’ असं म्हणणाऱ्या न्यू जर्सीतल्या समस्त वहिनी इथे मान ताठ करतात. करा, करा. 1999 ची ओडिसी आली तेव्हा काय तो थाट होता! दोन्ही बाजूंना सरकती दारं, मागची सीट जमिनीत गडप. आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले, गणपतीचं मखर न्यायचं झालं, ढोल-ताशा पथकाचे ढोल भरायचे झाले, की सगळ्यांना एकच नाव आठवायचं. आणि मग ट्रान्समिशनने मान टाकली. 1999 ते 2001 च्या गाड्यांसाठी होंडाने ट्रान्समिशनची वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. कंपनी असं औदार्य उगाच दाखवत नाही हो! 2002 पासून पाच गिअरचं ट्रान्समिशन आलं, तर 2004 च्या एप्रिलमध्ये त्याचाही रिकॉल. ओडिसीबरोबर पायलट, अकॉर्डची काही मॉडेलं आणि अ‍ॅक्युराची भावंडं धरून अकरा लाखांच्या आसपास गाड्या. कारण काय, तर दुसऱ्या गिअरला पुरेसं तेल पोचत नव्हतं, तो तापायचा, दात तुटायचे, आणि वेळ आली तर चालत्या गाडीत ट्रान्समिशन जाम व्हायचं.

पंधरा हजार मैलांपेक्षा जास्त चाललेल्या गाडीचं तर अक्षरशः दात बघून भविष्य सांगायचे. गिअरचा रंग बदललेला दिसला तर ट्रान्समिशन नवं, नाही बदलला तर तेलाची वाट सुधारून परत पाठवणी. ज्यांचा रंग बदलला ते सुटले. ज्यांचा नव्हता, त्यांनी पुढे प्रत्येक सिग्नलला कान टवकारून गाडी चालवली.

बरं, मग व्हॅन सोडली का कुणी? छे! तीच माणसं पुन्हा व्हॅन घ्यायला त्याच दारात. एकदा तिसऱ्या रांगेची चटक लागली की सुटत नाही, हे त्यातलं गुपित. पुढे क्रायस्लरच्या 2017 च्या पॅसिफिकामध्ये आणि 2018 च्या ओडिसीच्या स्वस्तातल्या प्रकारांमध्ये झेडएफ कंपनीचं नऊ गिअरचं ट्रान्समिशन आलं. चाराला सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले होते, तर म्हणे घ्या, नऊच घ्या! जागा वाचवायला आत दात एकमेकांत अडकवणारे क्लच घातले, आणि चौथ्यावरून पाचव्यावर जाताना बसणाऱ्या हिसक्याची तक्रार ऐकू यायला लागली. होंडाने 2020 च्या मॉडेलपासून नऊ गिअर काढून सगळ्या ओडिसींना दहा दिले. टोयोटाच्या सिएनावाले आता हसतात, कारण 2021 पासून ती फक्त हायब्रिड आहे आणि तिच्यात बदलायला गिअरच उरलेले नाहीत. भांडणाची जागाच काढून टाकली की भांडण मिटतं, हे टोयोटाला बरं सुचलं.

गिअरचं असं, तर किल्लीचं त्याहून तसं. 2008 पासून क्रायस्लरच्या व्हॅनमध्ये पातं नसलेली किल्ली आली, प्लॅस्टिकचं बोटभर बोंडुक. ते डॅशबोर्डच्या भोकात खुपसायचं आणि फिरवायचं. सुटसुटीत, आधुनिक वगैरे. फक्त चालत्या गाडीत खड्डा लागला, किंवा चालवणाऱ्याचा गुडघा लागला, तरी ती आपली जागा सोडून मागे फिरू शकायची! की इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेली, आणि एअरबॅग उघडतील याचीही खात्री नाही. 2014 च्या जूनमध्ये 2008 ते 2010 च्या जवळजवळ सात लाख गाड्या यासाठी परत बोलवाव्या लागल्या. उंच माणसाने व्हॅन चालवू नये, असं कुणी आधी सांगायला नको?

मग किल्ली फिरवणंच गेलं आणि आलं ते बटण. खिशात फोब म्हणजे रिमोट किल्ली, पाय ब्रेकवर, बोट बटणावर. मंडळात एकाने घेतली की दुसऱ्या महिन्यात सगळ्यांकडे. आणि विमानतळावर ठरलेला प्रयोग: नवरा बॅग घेऊन उतरतो, बायको मागून पुढे येऊन बसते, इंजिन चालूच असतं. गाडी दोनचारदा टुंटुं करते, त्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ आहे! बाई पेट्रोल भरायला थांबतात, इंजिन बंद करतात, आणि तेव्हा कळतं की फोब साहेबांच्या खिशातून सिक्युरिटीच्या पलीकडे गेलेला आहे. पुढचं संभाषण छापण्यासारखं नसतं.

त्यामानाने फोबची बॅटरी संपणं अगदीच किरकोळ. सीआर2032 नावाचा, नाण्याएवढा सेल, तो गेला की भलामोठा रथ दारात ठप्प. बऱ्याच गाड्यांत फोबच्या पोटात दारासाठी धातूची छोटी किल्ली लपवलेली असते, आणि सेल मेला तरी फोब बटणाला टेकवून गाडी सुरू होते. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. ते मॅन्युअल गाडीत आहे. गाडी बंद आहे.

एका बाबतीत मात्र मी चेष्टा करणार नाही. किल्ली काढायची सवय गेली की इंजिन बंद करायचीही राहते. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालूच ठेवून माणसं आत झोपायला गेली आणि कार्बन मोनॉक्साइडने दगावली. 2006 पासून असे दोन डझनांहून जास्त मृत्यू झाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने 2018 साली छापलं. टोयोटाने त्यानंतर इंजिन आपोआप बंद करण्याची सोय जाहीर केली, तीही 2020 च्या मॉडेलांपासून. त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही गॅरेजात उभ्या आहेत.

तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी आणि लेकीकडे बाळंतपणाला जाणाऱ्यांनी एवढं करा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते बघा. आणि चालकाच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यात 17 अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, तो अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गाडीवर रिकॉल बाकी असेल तर लगेच कळतं, आणि पंधरा वर्षांच्या आतल्या गाडीची ती दुरुस्ती डीलरला फुकट करून द्यावी लागते.